झडतीतला चौथा

"तीन मोजायचे," राहेल आत्या म्हणाली. "तिघं आले, तिघं गेले, की कडी लावून निवांत बसायचं. पन चौथा आला, तर?"

शेकोटीभोवती आम्ही पोरं बसलो होतो. उत्तर सगळ्यांना पाठ होतं. दर नाताळात ती हीच गोष्ट सांगायची, आणि दर नाताळात आम्ही ती पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखे एकमेकांच्या अंगावर सरकत जायचो. मी त्या वर्षी दहा वर्षांची होते. तोवर या गोष्टीला मी भ्यायले होते ते हौसेनं, जत्रेतल्या पाळण्यात बसून भ्यावं तसं. त्या वर्षी मात्र आमच्या घरात दहा महिन्यांचा समू होता, त्यामुळे गोष्ट थेट आमच्या दाराशी येऊन ठेपली होती.

उंबरखेलची आमची ख्रिस्तीवाडी म्हणजे माळावरची बावीस घरं, एक शाळा आणि एक देऊळ. चर्चला आम्ही देऊळच म्हणायचो. बाबा शाळेत मास्तर होते. राहेल आत्या कुणाचीच सख्खी आत्या नव्हती. उमेदीच्या काळात ती मिशनच्या कामावर गावोगाव पायी हिंडायची आणि बायकांना शास्त्रातल्या गोष्टी सांगायची. म्हातारपणी पाय थकले, दात गेले, पण गोष्टी काही थकल्या नाहीत. मेंढपाळ, देवदूत, तारा हे सगळं ती भराभर उरकून टाकायची. हेरोद राजाचं नाव आलं की मांडी बदलायची, पदर सावरायची आणि मग तिचा खरा नाताळ सुरू व्हायचा.

बेथलेहेमात नवा राजा जन्मलाय, अशी हेरोदाला बातमी लागते. कुठल्या घरात, ते ठाऊक नसतं. म्हणून तो शिपाई सोडतो आणि दोन वर्षांच्या आतलं एकही पोर ठेवू नका म्हणून सांगतो. इथवरचं शास्त्रातलं, पुढचं बहुतेक सगळं राहेल आत्याचं. पुढे तो राजा मरतो, शिपायांना माघारी बोलावलं जातं, सगळे आपापल्या घरी जातात. एक शिपाई मात्र कुठल्याशा लांबच्या वाडीवर गेलेला असतो. त्याला निरोप पोचतच नाही. तो अजून हिंडतोय आणि दर नाताळात कुठल्या ना कुठल्या दारावर येऊन उभा राहतो.

"त्येच्या हातात काठी नसती," आत्या सांगत होती. "त्यो दरडावत न्हाई. पहिल्यांदा इचारतो, तवा परक्यावानी. दुसऱ्यांदा इचारतो, तवा पाव्हन्यावानी. आन् तिसऱ्यांदा इचारतो, तवा आवाज पार आईवानी मऊ व्हतो. मानूस फसतं ते तिथंच. 'हाये' म्हनलं, की संपलं."

"मग काय होतं?" मी विचारलं. एरवी मी कधी विचारत नसे.

"व्हायचंय काय? त्यो गुमान निघून जातो. बाळ सकाळी उठत न्हाई."

त्या संध्याकाळी मी घरी पळत आले आणि समूच्या नाकाखाली बोट धरून बसले. श्वास बोटाला लागला तरी माझं समाधान होईना.

नाताळानंतर तिसऱ्या दिवशी आमच्या वाडीत झडती असायची. ही चाल मी पुढे दुसऱ्या कुठल्याच वाडीत पाहिली नाही. दिवस कलला की तीन बाप्ये तोंडाला काजळी फासून, डोक्यावरून घोंगडी घेऊन, काठ्या आपटत निघायचे. ज्या घरात दोन वर्षांच्या आतलं बाळ असेल त्या दारावर थांबून दरडावायचे, "बाळ हाये का घरात?" बाळ आधीच डालग्याखाली, म्हणजे कोंबड्या झाकायच्या मोठ्या टोपलीखाली, दडवलेलं असायचं. घरातल्या थोरल्या मुलीनं दारात उभं राहून तीनदा म्हणायचं, "न्हाई. घर रिकामं." मग शिपाई चौकटीवर चुन्याची फुली मारून पुढच्या घरी जायचे. असं केलं की वर्षभर बाळाच्या केसालाही धक्का लागत नाही, अशी समजूत होती. एरवी खोटं बोललं की बाबा तळहातावर छडी द्यायचे. त्या एका दिवशी मात्र खोटं बोलायचा मान असायचा आणि तो चारचौघांत मिरवताही यायचा.

मी किती वर्षं त्या मानाची वाट पाहत होते. माझ्या बरोबरीच्या मुलींना दोन-दोन, तीन-तीन भावंडं होती, मी एकटीच. मग त्या वर्षी माघात आई मिशनच्या दवाखान्यात गेली, चांगली दोन महिने तिकडेच राहिली आणि चैत्रात समूला मांडीवर घेऊन बैलगाडीतून उतरली. त्या काळी सगळीच बाळं दवाखान्यातून यायची, निदान आम्हा पोरांना तसंच सांगितलेलं होतं. मी वाडीभर सांगत सुटले की आमचं बाळ आलं. शमुवेल हे नाव बाबांनी ठेवलं, समू मी केलं.

आई मात्र गाडीतून उतरली ती भीती बरोबर घेऊनच. समूला ती कुणाच्या हातात देत नसे. भर दुपारी दाराला कडी असायची. बाबांना तीट लावलेली खपत नसे, तर ती त्याच्या कानामागे लपवून लावायची. एकदा कासारीण बांगड्या भरायला आली होती. बोलता बोलता तिनं विचारलं, "मास्तरीणबाई, पोर कुनावर गेलं म्हनायचं?" आईनं अर्ध्या भरलेल्या हातानिशी तिला उठवलं आणि दार लावून घेतलं. उरलेल्या बांगड्या कासारणीनं उंबऱ्यावर ठेवल्या आणि ती बडबडत गेली. हे सगळं मी पाहत होते आणि त्याचा अर्थ माझ्या परीनं लावत होते. आईला चौथ्याची भीती वाटते, असं माझं ठाम मत झालं. मोठं माणूस भीत असेल तर ती गोष्ट खरीच असणार.

झडतीच्या सकाळी आईनं मला पुढ्यात घेऊन वेणी घातली. वेणी घालता घालता ती हळूच म्हणाली, "मार्था, आज काय म्हणायचं?"

"नाही. घर रिकामं."

"कुणी गोड बोललं तर?"

"नाही."

"नुसतं एकदा बघू दे म्हणालं तर?"

आत्याच्या गोष्टीत हे नव्हतं. मी मान वळवायला गेले, तर आईनं वेणी घट्ट धरून ठेवली होती. "नाही," मी म्हणाले.

"पाया पडलं तर?"

"तरी नाही."

"शहाणी माझी बाई ती," असं म्हणून तिनं माझ्या डोक्यावर ओठ टेकले. ती असं फारसं करत नसे. मला एकदम रडू यायला लागलं आणि का येतंय ते कळेना.

तिसऱ्या प्रहरी तिघं आले, आणि खरं सांगायचं तर त्यांना पाहून माझी भीती निम्मी पळाली. पुढे दाविद तात्या होता. त्याची पिठाची गिरणी. काजळी फासायच्या नादात कानातलं पीठ पुसायचं तो विसरला होता. मागे त्याचे दोघे धाकटे भाऊ, एकाच्या पायात त्याच्या बायकोची चप्पल. पोरांची ही झुंबड त्यांच्यामागे. तात्यानं काठी आपटली, खाकरला, नेहमीची उबळ आली म्हणून थोडा वेळ नुसता खोकला, आणि मग दरडावला, "बाळ हाये का घरात?"

"न्हाई. घर रिकामं," मी खणखणीत आवाजात म्हणाले. तीनदा विचारलं, तीनदा सांगितलं. तात्यानं चौकटीवर फुली मारली आणि जाता जाता हळूच म्हणाला, "ब्येस बोलली गं मास्तराची." मागे उभ्या असलेल्या आईचा श्वास सुटलेला मला ऐकू आला. मी तीन मोजले. तिघं आले, तिघं गेले.

झडतीनंतर देवळापुढच्या पटांगणात साऱ्या वाडीची पंगत असे. पुऱ्या लाटायला बायका गोळा झाल्या होत्या आणि आईला बोलावणं आलं. ती जायला तयारच नव्हती. बाबा म्हणाले, मी थांबतो, तू जा, लोक नावं ठेवतील. तिनं समूला जायफळ उगाळून चाटवलं, तो झोपल्यावर परत डालग्याखाली गोधडीवर निजवलं आणि मगच गेली. ती गेली न् गेली तोच देवळातून बाबांना हाक आली. वाडीत पेट्रोमॅक्सची बत्ती एकच होती आणि ती पेटवता येणारा माणूसही एकच. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, डालग्याकडे पाहिलं. "कडी लावून घे. हा गेलो आणि हा आलो," असं म्हणून ते गेले.

मी कडी लावली. घरात उजेड कमी व्हायला लागला होता, पण दिवा लावायचा तर दारालगतच्या कोनाड्यापर्यंत जावं लागलं असतं. मी डालग्याला टेकून बसले. देवळाकडून माणसांचा कालवा ऐकू येत होता आणि त्यामुळे आमच्या आळीतली शांतता जास्तच जाणवत होती. सगळी वाडी तिकडे होती. इकडे फक्त मी आणि समू.

मग दारावर आवाज झाला. काठी आपटल्याचा नव्हता. कुणीतरी बोटांनी हळूच कडी हलवली होती.

"बाबा?" मी विचारलं.

कडी पुन्हा हलली. मग घोगऱ्या, दबक्या आवाजात कुणी तरी म्हणालं, "बाळ हाये का घरात?"

खोकला नव्हता, काठी नव्हती, मागे पोरांचा गलका नव्हता. आमच्या दाराला खालच्या बाजूला चार बोटांची फट होती. मी पालथी पडून तिच्यातून पाहिलं. काळ्या घोंगडीची किनार दिसली आणि तिच्याखाली दोन अनवाणी पाय, धुळीनं पांढरे झालेले. पाय लहान होते. शिपायाचे पाय एवढे लहान असतील असं मला कधी वाटलं नव्हतं, आणि त्या लहानपणाचीच मला जास्त भीती वाटली.

"न्हाई," मी म्हणाले. "घर रिकामं."

तात्या या उत्तरावर पुढे गेला असता. हे पाय हलले नाहीत.

"मास्तरांचंच घर ना ह्ये?" आता आवाज पाहुण्यासारखा झाला होता. "येक डाव दाव, बाई. लांबून दाव. म्या हात न्हाई लावनार."

आईनं सकाळी जे विचारलं होतं तेच हे बाहेरचं बोलत होतं. मला वाटलं, आईला सगळं ठाऊक होतं, म्हणूनच तिनं माझ्याकडून घोकून घेतलं. मी पुन्हा म्हणाले, नाही, घर रिकामं. माझा आवाज मलाच ओळखू येत नव्हता. मागे डालग्याखाली समू कूस बदलल्यासारखा हलला. मी तशीच सरपटत मागे गेले आणि दोन्ही हात डालग्यावर दाबून धरले. आत्ता हा रडला की संपलं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. प्रभू, याला उठवू नकोस, असं मी मनातल्या मनात शंभरदा म्हटलं असेल. समू उठला नाही.

बाहेर घोंगडी दाराला घासली. खाली बसल्याचा आवाज झाला. आणि मग दाराच्या अगदी लगत, माझ्या तोंडाच्या उंचीवरून तिसरा प्रश्न आला. आवाज इतका मऊ होता, की माझी आईसुद्धा माझ्याशी कधी तशी बोलली नव्हती.

"बरं हाये का त्ये? दूध पितं का? येवढं सांग, मंग म्या जाते."

'जाते' म्हणाला. आईवानी आवाज होतो, असं आत्यानं सांगितलं होतं. बोलणंही बाईचंच होतं हे तिनं सांगितलं नव्हतं. माझी तेवढ्यानं खात्रीच पटली. आता नुसतं 'नाही' पुरणार नाही, हेही मला कळलं. तीनदा नाही म्हणून झालं तरी हा उंबऱ्यावर बसून राहील, बाबा येतील, दार उघडतील आणि तो आत येईल. त्याला कायमचं घालवायचं तर शोधायला काही शिल्लकच नाही, असं त्याला वाटायला हवं. दहा वर्षांच्या डोक्याला त्या भीतीत ही युक्ती सुचली. त्या क्षणी मला स्वतःचा अभिमान वाटला होता, हेही सांगून टाकते.

"बाळ मेलं," मी म्हणाले.

मी डालग्यावरचे हात आणखी घट्ट केले.

"दिवाळीत मेलं. ताप आला होता. देवळामागं चिंचेखाली पुरलंय. लहानी कबर हाये ना, ती. तिथं जा."

चिंचेखाली खरंच एक ताजी, लहान कबर होती. केदारींची नऊ दिवसांची मुलगी. मला दुसरी जागा सुचली नाही.

मग तो आवाज सुरू झाला. आधी वाटलं, कुत्रं आहे. घशातून आलेला, दातांवर अडवलेला, घोंगडीत कोंडल्यासारखा आवाज. हं, हं, हं, आणि मध्येच लांबलेला एक घुमारा, पुन्हा हं, हं. तो गुरगुरतोय असं मी समजले. शोध फुकट गेला म्हणून चिडलाय आणि दाराशी बसून दात चावतोय. दार थरथरत होतं, कारण तो त्याला टेकून बसला होता आणि त्याचं अंग हलत होतं. मी कानांत बोटं घातली तरी दाराची थरथर जमिनीतून अंगाला लागत होती. मी समूसकट डालग्याला मिठी मारून बसले. किती वेळ गेला कळलं नाही. घरात पूर्ण अंधार झाला.

मग तो आवाज थांबला. पावलं लांब गेली. त्यानंतर थोड्याच वेळात बाबांची हाक आली आणि मी कडी काढली. त्यांचे हात बत्तीच्या काजळीनं बरबटले होते. बाबा सहज म्हणाले, आळीच्या तोंडाशी घोंगडी घेतलेलं कुणीतरी भेटलं, दाविदचा भाऊ असेल, मी सलाम केला तर उत्तरसुद्धा दिलं नाही पठ्ठ्यानं. मी त्यांच्या कमरेला धरून मोठ्यानं रडायला लागले.

आई आल्यावर मी सगळं सांगितलं. ती चुलीशी बसून ऐकत होती. मध्ये मध्ये विचारत होती. उंच होता का? आवाज कसा होता? समूचं नाव घेतलं का? पाय कसे होते, हे तिनं दोनदा विचारलं. बाबा उभे होते ते खाली बसले. 'बाळ मेलं' म्हणून सांगितल्याचं ऐकून ते आईकडे बघत राहिले. "सरला, मी जाऊन येतो. अजून फार लांब गेली नसेल," ते म्हणाले.

मला वाटलं, बाबा झडती गेली की नाही याबद्दल बोलतायत.

"नाही," आई म्हणाली. "तुम्ही कुठे जायचं नाही."

बाबा उठले नाहीत. आईनं मला जवळ ओढलं. "बरं केलंस," ती म्हणाली. "फार बरं केलंस, बाई." डब्यातली करंजी काढून तिनं मला आपल्या हातानं भरवली. सारण माझ्या मांडीवर सांडत होतं, पण तिचं तिकडे लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी केदारीण मुलीच्या कबरीवर गेली आणि ओरडत परत आली. सगळी वाडी चिंचेखाली गोळा झाली. त्या लहान कबरीवर एक झबलं आणि एक टोपडं घडी करून ठेवलेलं होतं, वर वाऱ्यानं उडू नये म्हणून गोटा. निळ्या कापडाचं, हातानं शिवलेलं, वर्षाच्या मुलाला येईल एवढ्या मापाचं. कुणी हात लावायला धजेना. लोकांनी राहेल आत्याला धरून आणलं. तिनं ते पाहिलं आणि मटकन खाली बसली. मला वाटलं होतं ती म्हणेल, बघा, मी सांगत नव्हते? पण तिचा चेहरा पार उतरला होता.

"म्या तर उगा सांगत हुते," ती पुटपुटली. "पोरं ऐकत्यात म्हनून सांगत हुते. चौथा म्या मनानंच घातला."

गोष्ट सांगणारीच इतकी भ्यालेली मी कधी पाहिली नव्हती. लोकांतून वाट काढत आई पुढे झाली. तिनं गोटा बाजूला केला, झबलं-टोपडं उचलून पदराखाली घेतलं आणि तडक घरी गेली. मी मागोमाग धावले. तिनं ते चुलीत घातलं आणि पूर्ण जळेपर्यंत हातात फुंकणी घेऊन बसून राहिली. फुंकर मात्र तिनं मारली नाही.

पुढच्या वर्षी झडती निघाली नाही, ती कायमचीच बंद पडली. चौथ्याला परतवणारी पोर म्हणून माझं वाडीत नाव झालं. मी मात्र कित्येक वर्षं समूच्या अंथरुणाशी हात लावून झोपत होते. मी चौथ्याला फसवलं होतं. आपण फसलो हे त्याला कधीतरी कळेल आणि तो परत येईल, याच धास्तीत मी मोठी झाले.

मी एकवीस वर्षांची असताना आई गेली. तिला मातीत ठेवून आलो त्याच्या चौथ्या दिवशी बाबांनी मला समोर बसवलं आणि म्हणाले, "समू तिच्या पोटचा नव्हता, हे तुझ्या लक्षात आलं असेलच." माझ्या लक्षात आलेलं नव्हतं. त्यांनी थोडक्यात सांगितलं. दवाखान्यात सुंदरा नावाची सतरा वर्षांची मुलगी होती, नवरा वारलेला, माहेर-सासर दोन्हीकडे दार बंद. तिनं आपणहून मूल आईच्या ओटीत घातलं. एकच मागणं मागितलं, की वर्षातून एकदा, नाताळात, मला त्याला लांबून बघू द्या. आई हो म्हणाली आणि गावाचं नाव न सांगता निघून आली.

"कशी शोधत आली देव जाणे," बाबा म्हणाले. "थंडीचे दिवस, अंगावर घोंगडी घेतली असेल. झडती-बिडती तिला काही ठाऊक नव्हती गं. बिचारीनं नुसतं विचारलं, बाळ आहे का घरात म्हणून."

ते नंतर दवाखान्यात तिची चौकशी करून आले होते, आईला न सांगता. सुंदराचा कुणालाच पत्ता नव्हता.

पुढे समूच्या लग्नाआधी बाबांनी त्याला दत्तकाचं सांगितलं. दाराशी काय झालं ते सांगायचं काम त्यांनी माझ्यावर ठेवलं आणि मी ते चाळीस वर्षं टाळलं. आज सांगू, उद्या सांगू. त्याला नोकरी लागली, मुलं झाली, पेन्शन सुरू झालं. माझ्या जिभेवर शब्द यायचा आणि तीच दहा वर्षांची भीती उठायची. आता ती भीती चौथ्याची नव्हती, ऐकल्यावर समूचा चेहरा कसा होईल याची होती.

गेल्या नाताळात मी त्याच्या घरी होते. दुपारी आम्ही दोघंच स्वयंपाकघरात करंज्या भरत होतो. तो सहज विचारावं तसं म्हणाला, "ताई, ती कधी आली नाही ना गं? मला बघायला?"

हा प्रश्न त्यानं बाबांना विचारला असेल, आणि बाबांनी तो टाळला असेल, हे मला ठाऊक होतं.

"आली होती," मी म्हणाले.

मग काही राखून न ठेवता सगळं सांगितलं. डालगं, कडी, फटीतले पाय, तिसरा प्रश्न. मी काय उत्तर दिलं तेही. निळ्या झबल्याचंही. तो हातातली पारी तशीच धरून ऐकत होता. आता हा मला घराबाहेर काढेल, आणि काढलं तर बरोबरच करेल, असं मला वाटत होतं.

"रडली?" त्यानं विचारलं.

"हो."

"किती वेळ?"

"बाबा बत्ती पेटवून येईपर्यंत. पूर्ण अंधार पडला होता."

"तू आवाज ऐकलास तिचा?"

मी मान हलवली. तो माझ्याकडे बघत राहिला. साठी उलटलेला माणूस, हाताला मैदा लागलेला, आणि चेहरा अगदी लहान मुलाचा झालेला. तो काय मागतोय हे मला कळलं. तो आवाज मी आजवर कुणासमोर काढला नव्हता, एकटी असतानाही नाही. मी पदराचा बोळा तोंडात धरला. डोळे मिटले. हं, हं, हं, मग तो लांबलेला घुमारा, पुन्हा हं, हं. माझ्या म्हाताऱ्या घशातून तो जसाच्या तसा आला.

मी थांबले. समूनं भिंतीला डोकं टेकलं होतं.

"पुन्हा," तो म्हणाला.